पाण्यावर आणि पाल्यावर अकरा दिवस काढलेली पोर पुढे हजारोंची आई झाली : पंडिता रमाबाईंची गोष्ट

खारघर : तिचं वय तेव्हा सोळा वर्षं. बाप नुकताच गेलेला. आई तापानं फणफणलेली, आणि घरात दाणा नाही. घर म्हणायचं तरी कशाला, परक्या गावातला आडोसा तो. आईनं खायला मागितलं. मुलगी शेजारच्या घराच्या दारात जाऊन उभी राहिली. बापानं जन्मभर शिकवलं होतं, की मेलो तरी हात पसरायचा नाही. त्यामुळं तोंडातून शब्दच फुटेना. शेवटी त्या घरातल्या बाईनंच ओळखलं आणि बाजरीच्या भाकरीचा तुकडा हातावर ठेवला. मुलगी तो घेऊन धावत आली. पण आईला आता गिळवत नव्हतं. थोड्याच वेळात आई गेली.

ही मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात त्यांचा एक फोटो आणि दोन ओळी असतात. विधवांसाठी काम केलं, एवढंच आपल्याला माहीत असतं. पण आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा, एक एक करून सगळे गेल्यावर, आपल्या माणसांनी पाठ फिरवल्यावर आणि म्हातारपणी एकुलती एक लेक हातची गेल्यावरही ही बाई उभी कशाच्या बळावर राहिली, हे त्या दोन ओळींत येत नाही. त्यांच्यापुरतं त्याचं उत्तर ख्रिस्ती श्रद्धा हे होतं. ती श्रद्धा त्यांना आयती मिळाली नाही. त्यासाठी त्यांनी इकडच्यांशी आणि तिकडच्यांशी, दोघांशीही भांडण घेतलं.

जंगलातली शाळा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. ठिकाण गंगामूळ, सह्याद्रीच्या रानात, आजच्या कर्नाटकात. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे विद्वान. त्या काळात बाईनं संस्कृत शिकणं म्हणजे पाप समजत. अनंतशास्त्रींनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. गावकऱ्यांनी बोल लावला, तर ते बायकोला घेऊन रानात जाऊन राहिले. तिथं आश्रम काढला, विद्यार्थी ठेवले, आल्यागेल्याला जेवू घातलं. त्यात जमीनजुमला संपला. रमाबाई सहा महिन्यांच्या असतानाच सगळं कुटुंब बाहेर पडलं ते तीर्थयात्रेला, आणि नंतर तीच त्यांची उपजीविका झाली. देवळात बसायचं, पुराण सांगायचं, लोक देतील त्यावर पुढच्या गावी जायचं.

रमाला आईनं शिकवलं. भल्या पहाटे उठवून पाठ घ्यायची. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत हजारो श्लोक पोरीच्या तोंडी होते. त्या काळच्या रिवाजाप्रमाणं दहाच्या आत लग्न व्हायला हवं होतं. वडिलांनी ते केलं नाही. मोठ्या बहिणीचं लग्न लवकर लावून दिलं होतं आणि ते फसलं होतं. त्याचा चटका बापाला बसला होता.

अकरा दिवस

मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला आणि पुराण ऐकायला कोणी उरलं नाही. ज्याच्या घरात पोरं उपाशी, तो दक्षिणा कुठून देणार? अनंतशास्त्रींचं वय सत्तरीच्या पुढं, नजर गेलेली. जवळची भांडीकुंडी, दागिने विकून झाले. देवळात नवस झाले, जे काही होतं ते ब्राह्मणांना आणि देवाला देऊन झालं. देव काहीतरी करील म्हणून वाट पाहिली. काही झालं नाही.

शेवटी सगळे रानात निघून गेले. अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर, एवढ्यावर काढले. मग वडिलांनी ठरवलं, तळ्यात उतरून जलसमाधी घ्यायची. आधी आपण, मग एक एक करून सगळ्यांनी. निरोपाची वेळ आली. म्हाताऱ्यानं धाकट्या लेकीला जवळ घेतलं आणि सांगितलं, की नेकीनं जग आणि देवाची सेवा कर. त्यांना डोळ्यांनी ती दिसत नव्हती. तेवढ्यात थोरला मुलगा श्रीनिवास पुढं झाला. जातीचा मोठेपणा सोडून मी मजुरी करतो, पण मरायचं नाही, असं त्यानं ठरवलं. सगळे रानातून बाहेर आले. पण बापाच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. थोड्याच दिवसांत ते गेले.

हे साल १८७४. त्याच वर्षी वर सांगितलं तशी आई गेली. स्मशान तीन मैलांवर आणि उचलायला माणसं नाहीत. दोघांना दया आली आणि ते पुढं आले. तिसरा श्रीनिवास. चौथी रमा. उंची कमी, खांदा पुरेना, म्हणून पोरीनं आईच्या तिरडीचा भार डोक्यावर घेतला आणि तीन मैल चालली. मग बहीण कृष्णाबाई कॉलऱ्यानं गेली.

उरले दोघं बहीणभाऊ. ते चालत सुटले. दक्षिणेतून उत्तरेत, पंजाबात, काश्मीरपर्यंत. थंडीत अंगावर घालायला नाही, तर झेलम नदीच्या काठी खड्डा खणून गळ्यापर्यंत वाळू ओढून घ्यायची आणि रात्र काढायची. या पायपिटीत शास्त्रात सांगितलेले सगळे उपास, नेम, तीर्थं त्यांनी केली. हाती काही लागलं नाही. पोटाची भूक एक आणि मनाची दुसरी. रमाच्या मनातून देवधर्म तिथंच हळूहळू ओसरला.

कलकत्त्यात मान आणि पाठोपाठ घाव

१८७८ साली दोघं कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि थक्क झाले. पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या तिला मिळाल्या. कालपर्यंत वाळूत झोपणाऱ्या पोरीचं नाव वर्तमानपत्रांत झळकायला लागलं.

कलकत्त्यातच ख्रिस्ती लोकांची प्रार्थना तिनं पहिल्यांदा पाहिली. लोक खुर्च्यांपुढं गुडघे टेकून डोळे मिटून बसलेले. बहीणभावाला वाटलं, हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात! त्यांना संस्कृतातलं बायबल भेट मिळालं. भाषा वेगळ्याच धाटणीची, काही कळलं नाही. ते तसंच बाजूला पडलं.

१८८० साली ढाक्याला भाऊ श्रीनिवास आजारी पडला. आपल्यामागं बहिणीचं कसं होणार, हीच त्याला काळजी. देव आहे, तो बघेल, अशी तिनं त्याची समजूत घातली आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान आलं. भाऊ गेला. आता या जगात तिचं रक्ताचं कोणी नव्हतं.

त्याच वर्षी तिनं लग्न केलं. नवरा बिपिन बिहारी मेधावी, बंगाली वकील. जात वेगळी, भाषा वेगळी. सरकारी नोंदणीचं लग्न झालं. तिच्यासाठी हा थोडा सुखाचा काळ होता. १६ एप्रिल १८८१ ला मुलगी झाली, नाव ठेवलं मनोरमा. आसामातल्या सिल्चरच्या घरात नवऱ्याच्या पुस्तकांत रमाबाईंना एक बारकं पुस्तक सापडलं. ते बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान होतं. ते त्या आवडीनं वाचू लागल्या. एका मिशनऱ्याकडून काही समजूनही घेतलं. नवऱ्याला ते फारसं रुचलं नाही. गोष्ट तिथंच थांबली.

४ फेब्रुवारी १८८२ ला कॉलऱ्यानं नवरा गेला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. वय तेवीस, पदरात दहा महिन्यांची पोर. त्या काळात विधवा म्हणजे अपशकून. केस काढायचे, लाल आलवण नेसायचं, कोपऱ्यात राहायचं. रमाबाई कोपऱ्यात बसल्या नाहीत. पोरीला घेऊन त्या पुण्याला आल्या.

पुणं, आणि मग साता समुद्रापार

पुण्यात न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर अशा सुधारकांनी त्यांना हात दिला. त्यांनी आर्य महिला समाज काढला. स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिलं. १८८२ साली सरकारचा हंटर आयोग शिक्षणाची चौकशी करायला आला, तेव्हा त्याच्यापुढं साक्ष दिली. मुलींच्या शाळांना बाई शिक्षिका आणि बाई तपासनीस पाहिजेत, आणि बायकांना औषधपाणी करायला बाई डॉक्टर पाहिजेत, असं त्यांनी ठासून मांडलं.

आपणच डॉक्टर व्हावं असं त्यांच्या मनात आलं. पुस्तकाच्या विक्रीतून बोटीच्या तिकिटाची सोय केली आणि १८८३ साली लेकीला घेऊन इंग्लंड गाठलं. तिथं वाँटेज गावी ख्रिस्ती जोगिणींच्या मठात राहिल्या. पण ऐकू कमी येत असल्यामुळं डॉक्टरकीचं स्वप्न मोडलं. त्यातच सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचा परदेशात दुर्दैवी अंत झाला.

लंडनजवळ या जोगिणींनी चालवलेलं एक घर रमाबाईंनी पाहिलं. समाजानं वाईट चालीच्या म्हणून टाकून दिलेल्या बायका तिथं होत्या. त्यांच्याशी कोणी हिडीसफिडीस करत नव्हतं. माणूस म्हणून सांभाळत होते. रमाबाईंनी असं कधी पाहिलं नव्हतं. हे लोक असं का करतात, म्हणून त्यांनी विचारलं. तेव्हा त्यांना येशूची आणि विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली. त्या बाईला लोकांनी नावं ठेवली होती, आणि येशू तिच्याशी सरळ बोलला, तिच्या हातचं पाणी मागितलं. रमाबाईंच्या मनाला ही गोष्ट जाऊन लागली. इतक्या शास्त्रांत जे शोधलं ते इथं मिळालं, असं त्यांना वाटलं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला.

दोन्हीकडून मार

ही बातमी पुण्यात आली आणि गहजब झाला. ज्यांनी पंडिता म्हणून डोक्यावर घेतलं होतं, त्यांतल्या अनेकांनी धर्मबुडवी म्हणून तोंड फिरवलं. त्या वेळी उघडपणे त्यांची बाजू घेणाऱ्यांत महात्मा जोतीराव फुले होते. १८८५ साली काढलेल्या सत्सार या पुस्तिकेत त्यांनी रमाबाईंच्या निर्णयाची पाठराखण केली.

तिकडं इंग्लंडातही सगळं गोड नव्हतं. बाप्तिस्मा घेतला म्हणजे आता चर्च सांगेल ते मुकाट मानायचं, अशी मठातल्या वरिष्ठांची अपेक्षा. रमाबाईंनी स्पष्ट नकार दिला. शास्त्र्यांच्या सांगण्यावरून एक ओझं उतरवलं आणि पाद्र्यांच्या सांगण्यावरून दुसरं डोक्यावर घ्यायचं, हे त्यांना पटणारं नव्हतं. पुस्तक मी स्वतः वाचीन, माझी बुद्धी वापरीन, आणि माझ्या लेकीला कसं वाढवायचं ते मी ठरवीन, अशी त्यांची भूमिका. यावरून पत्रापत्री आणि वादावादी झाली. त्या मांसमच्छी खात नसत, अंगावर साडीच असे, आणि हे त्यांनी इंग्लंडातही सोडलं नाही. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्यांनी संस्कृत शिकवलं आणि स्वतःही शिकल्या.

१८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या, त्याचं कारण आपल्या भागाशी जुळतं. कल्याणच्या आनंदीबाई जोशी तिथं डॉक्टर होणार होत्या. आनंदीबाईंचे पती गोपाळराव पोस्टात होते आणि बदलीनं काही काळ अलिबागला राहिले होते. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात आनंदीबाईंना पदवी मिळाली, तेव्हा रमाबाई तिथं हजर होत्या. पुढच्याच वर्षी आनंदीबाई पुण्यात क्षयानं गेल्या.

रमाबाई अमेरिकेत गावोगाव हिंडल्या, भाषणं दिली. हिंदुस्थानातल्या उच्चवर्णीय बाईचं जिणं कसं आहे, यावर १८८७ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिलं. ते खूप खपलं. बोस्टनला त्यांच्या नावानं मंडळ उभं राहिलं आणि त्यानं दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं.

शारदा सदन

११ मार्च १८८९ रोजी मुंबईला चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. विधवांसाठी शाळा आणि राहायची सोय. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, कोकणातल्या. चार वर्षांनी त्यांचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं. हे कर्वे म्हणजे दापोलीजवळच्या मुरुडचे महर्षी कर्वे. त्यांचा आणि रमाबाईंचा जन्म एकाच महिन्यातला, एप्रिल १८५८. कर्व्यांनी पुढं बायकांच्या शिक्षणाचं जे एवढं काम उभं केलं, त्या घरात शारदा सदनची मुलगी होती, हे विसरून चालणार नाही.

१८९० च्या अखेरीस सदन पुण्याला हललं. सदनात धर्म शिकवायचा नाही, ज्याचा त्यानं पाळायचा, असा नियम होता. पण रमाबाई आपल्या खोलीत पहाटे प्रार्थना करायच्या, तेव्हा दार उघडं असायचं. काही मुली येऊन बसू लागल्या. यावरून १८९३ साली वादळ उठलं. केसरीतून टीका झाली. धर्म बदलायला लावतात असा आरोप झाला. आपल्याच घरात दार लावून प्रार्थना करायला लागणं रमाबाईंना मान्य नव्हतं. मुलींच्या घरच्यांचा आणि सल्लागारांचा मुद्दाही होता, की पालकांनी विश्वासानं सोपवलेल्या कोवळ्या मुली आहेत, त्यांच्यावर नकळत ओढा पडतो. रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार मंडळ सोडलं. वीसपंचवीस मुली घरच्यांनी काढून नेल्या. खरं कोणाचं, यावर अजून लोक भांडतात. पण सदन बंद पडलं नाही.

या सगळ्या काळात रमाबाईंच्या मनातही काही चाललं होतं. बाप्तिस्मा होऊन आठ वर्षं झाली तरी आपल्याला धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही, असं त्यांना वाटायचं. १८९१ च्या सुमारास त्यांना जी शांती सापडली, ती पुढं शेवटपर्यंत सुटली नाही. आपल्या लायकीनं काही मिळवायचं नसतं, देव ते देतो आणि आपण हात पुढं करायचा, एवढी साधी गोष्ट त्यांच्या लक्षात आली. सोळाव्या वर्षी शेजारणीच्या दारात हात पुढं करता न आलेल्या मुलीसाठी ही साधी गोष्ट नव्हती.

केडगावचं माळरान

अमेरिकेची मदत दहा वर्षांपुरती. पुढं काय, याचा विचार रमाबाईंनी आधीच केला. पुण्यापासून पन्नासेक किलोमीटरवर केडगावला, रेल्वे स्टेशनजवळ, त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली. डोक्यात शेतकऱ्याचा हिशेब होता. फळझाडं लावायची, विहिरी पाडायच्या, आणि बागेच्या उत्पन्नावर सदन चालवायचं. आंबा, संत्री, लिंबू अशी लागवड सुरू झाली. झाडं धरायच्या आतच दुष्काळ आला.

१८९६-९७ चा हा दुष्काळ मध्य प्रांतात फार भयानक होता. बातम्या वाचून रमाबाईंना झोप लागेना. तो पाला, ते तळं, तो भाकरीचा तुकडा, सगळं डोळ्यांपुढं आलं. तिजोरीत पैसा नाही, सदनच कसंबसं चाललेलं. तरी त्या गेल्या. सरकारी छावण्यांत, रस्त्यावर, झाडाखाली हाडांचे सापळे झालेल्या पोरी होत्या. काहींना दलालांनी हेरलं होतं. रमाबाईंनी त्यांना गोळा केलं आणि आणलं. शेकडो पोरी आल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग. सदनात नवीन माणसं ठेवायला सरकारी बंदी. मग पोरींना केडगावच्या माळावर नेलं. तंबू ठोकले, छपरं घातली, चुली मांडल्या. २४ सप्टेंबर १८९८ ला तिथं पक्क्या इमारतीचं उद्घाटन झालं. नाव मुक्ती सदन.

या पोरी कशा होत्या, हे नीट समजून घ्यायला पाहिजे. भुकेनं माणूस जनावरासारखा होतो. त्या चोरायच्या, ओरबाडायच्या, लपवून ठेवलेलं अन्न कुजेपर्यंत जपायच्या. अंगावर जखमा, डोक्यात उवा, कित्येकींना रोग. कित्येक वाचल्या नाहीत. रमाबाईंनी त्यांना अंघोळ घालण्यापासून सुरुवात केली. एका शिकलेल्या मुलीकडं काही लहान मुली सोपवायच्या, तीच त्यांची आई, अशी रचना लावली.

१८९९-१९०० ला पुन्हा दुष्काळ, यावेळी गुजरात आणि आजूबाजूला. छप्पन्नचा दुष्काळ म्हणून जुनी माणसं त्याचं नाव घ्यायची. १९०० सालापर्यंत केडगावला सुमारे १९०० माणसं झाली. एवढ्यांना दोन वेळ जेवण म्हणजे रोजचं लग्नघर. विहिरींना पाणी लागलं, ही त्या माळावर फार मोठी गोष्ट होती. पैसा कुठून येणार याची खात्री कधीच नसे. रमाबाई प्रार्थनेला बसायच्या, आणि उठल्या की कामाला लागायच्या. त्यांच्या लेखी ही दोन कामं वेगळी नव्हतीच.

मुली शेतात राबल्या, गाईम्हशी सांभाळल्या, तेलाचा घाणा चालवला, माग चालवले, धुणं, शिवण, स्वयंपाक शिकल्या. छापखाना पूर्ण मुली चालवायच्या. खिळे जुळवण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंत सगळं काम मुलींचं. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन झालं, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन. आंधळ्यांसाठी वेगळं सदन झालं. तिथं मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवलं. आंधळ्या मुली बोटांनी वाचायला लागल्या, टोपल्या विणायला लागल्या.

शेवटचं काम

एवढ्या पसाऱ्यात रमाबाईंनी आणखी एक काम अंगावर घेतलं. बायबल मराठीत होतं, पण त्याची भाषा पंडिती. चुलीपुढच्या बाईला ते कळायचं नाही. खुद्द संस्कृतची पंडिता असलेल्या या बाईनं ठरवलं, की सोप्या बोलीत नवं भाषांतर करायचं. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. वर्षानुवर्षं हे काम चाललं. त्या लिहायच्या आणि दुष्काळातून आणलेल्या मुली ते खिळ्यांवर चढवायच्या.

१९१९ साली सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. त्यांना आता ऐकू फार कमी येत होतं. सगळा भार मनोरमाबाईंवर होता. आपल्यामागं लेक हे सांभाळील, हा भरवसा. आणि २४ जुलै १९२१ ला मनोरमाबाई गेल्या. वय चाळीस.

तेवीस वर्षांची विधवा असताना जी पोर कडेवर घेऊन ही बाई पुण्यात आली होती, तीच ही पोर. देवावर रागवायला याहून मोठं कारण कोणाला मिळेल? रमाबाई आतून खचल्या असतीलच, आई होत्या त्या. पण काम थांबलं नाही. भाषांतराची पानं तपासणं चालूच राहिलं. ५ एप्रिल १९२२ ला, चौसष्ट पुरी व्हायला अठरा दिवस असताना, त्यांनी केडगावला प्राण सोडला. पूर्ण बायबल १९२४ साली मुक्ती सदनाच्या छापखान्यातून बाहेर पडलं.

आज याचं काय?

भारत सरकारनं १९८९ साली रमाबाईंचं टपाल तिकीट काढलं. केडगावचं मुक्ती मिशन आजही चालू आहे. आपल्या भागातून जायचं तर खारघर ओलांडून कळंबोलीला एक्सप्रेसवे धरायचा, पुण्यातून सोलापूर रोडनं चौफुल्यापर्यंत, तिथून केडगाव जवळच. रेल्वेनं पुणे-दौंड मार्गावर केडगाव स्टेशन आहे. रमाबाई मुंबईहून पुण्याला गेल्या तेव्हा एक्सप्रेसवे नव्हता. कर्जतवरून बोरघाट चढणारी आगगाडी होती.

रमाबाईंना जाऊन शंभर वर्षं झाली ती एप्रिल २०२२ मध्ये. पुढच्याच महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद. नंतर राज्य सरकारनंही इतर गावांना तसं करायला सांगितलं. शंभर वर्षांनंतरही असा ठराव करावा लागतो, यावरून रमाबाईंनी केवढ्या भिंतीवर डोकं आपटलं होतं ते कळतं. आपल्या गावात असा ठराव झाला का, हे पुढच्या ग्रामसभेत विचारायला हरकत नाही.

खारघरला टाटांच्या कॅन्सर संस्थेबाहेर रोज माणसं बसलेली दिसतात. हातात फायलींची पिशवी, डब्यात घरची भाकरी, खेड्यापाड्यांतून आलेली. कोणी माळ ओढत असतं, कोणी नमाज पढून आलेलं, कोणाच्या गळ्यात क्रूस. नंबर पुकारला की प्रत्येकजण उठतो. रमाबाईंनी आपला आधार येशूत शोधला, दुसऱ्याचा आधार दुसरीकडं असेल. पण एक गोष्ट त्यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसते. त्यांच्या श्रद्धेनं त्यांचं एकही दुःख टाळलं नाही. बाप गेला, आई गेली, लेकही गेली. श्रद्धेनं त्यांना दुसऱ्या उपाशी पोरीकडं जायचं बळ दिलं. सोळाव्या वर्षी आणलेला भाकरीचा तुकडा आईच्या तोंडात गेला नाही. पुढं केडगावच्या पंगतीत हजारो पोरींच्या ताटात भाकरी पडली.